खंडे नवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

आधीच सांगून टाकते, मी तापट आहे. आमच्या घरी पंखा जरी बंद पडला तरी आधी माझा चेहरा बघतात आणि मग सांगतात. देवासला एका कारखान्याच्या सिस्टीम डिपार्टमेंटमध्ये मी एकोणीस वर्षं काढली आणि एकोणीस वर्षं लोकांना एकच प्रश्न विचारत आले, "आपने कुछ दबाया था क्या?" कोणी कधी हो म्हणत नाही. सगळ्यांचं एकच, मॅडम, अपने आप हुआ. मग मी डाफरते. खोटारडे म्हणते, तोंडावर. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, पण स्वतःवरच.

त्या दसऱ्याला सकाळी सात वाजता धारहून दत्तोपंतकाकांचा फोन आला. माझे सख्खे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. वय एकोणऐंशी, सरकारी शाळेत गणिताचे मास्तर होते. आमच्याकडे सहसा स्वतःहून फोन करणारा माणूस नव्हे. फोन करायचा तो अक्कानं, म्हणजे माझ्या काकूनं. तिला अख्खी धार अक्का म्हणते, काकासुद्धा.

"वल्लरी," काका म्हणाले, "माझ्या हातून एक प्रमाद घडला आहे."

म्हटलं अक्का पडली की काय.

"कॉम्प्युटर उघडत नाही," काका म्हणाले.

आदल्या दिवशी खंडे नवमी होती. आमच्याकडे, म्हणजे धारेत संस्थानाच्या काळापासून राहिलेल्या मराठी घरांत, खंडे नवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात. तलवारी केव्हाच गेल्या. आता विळी, अडकित्ता, कात्री, अक्काचं शिलाई मशीन, काकांचं पेन, आणि गेली अकरा वर्षं काकांचा कॉम्प्युटर. आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही. अक्का भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवते. काका हळदकुंकू घेऊन कॉम्प्युटरपाशी गेले तर तो आपलाच चालू! पडद्यावर गोल गोल फिरतंय, अपडेट चालू आहे, चौतीस टक्के, बंद करू नका. काकांनी पाच मिनिटं वाट बघितली. मग म्हणाले, आजच्या दिवशी यालाही विश्रांती हवी. हात जोडले, कुंकू लावलं, फूल ठेवलं आणि भिंतीवरचं बटन बंद केलं.

मी फोनवर कपाळ बडवलं. "काका, त्यावर लिहिलेलं असतं ना, बंद करू नका म्हणून!"

"लिहिलेलं होतं. पण नवमी होती," काका म्हणाले.



तो कॉम्प्युटर म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. काका त्यावर एकच काम करायचे, तिथींची यादी. धारेतल्या मराठी घरांत कोण कधी गेलं, कुठल्या महिन्यात, शुद्धात की वद्यात, कुठल्या तिथीला, गोत्र काय, श्राद्ध कोण करतं, हे सगळं त्यात होतं. आधी ही यादी एका वहीत होती, पौरोहित्य करणाऱ्या एका म्हाताऱ्यांकडे, त्यांच्यानंतर काकांकडे आली. घरं पांगली. कोणी इंदूरला, कोणी पुण्याला, कोणी परदेशात. पोरं हिंदी शाळांत शिकली, माझ्यासारखी. आम्हाला पंचांग वाचता येत नाही, मला तर मराठी वाचतानाच बोट ठेवावं लागतं. म्हणून दर महिन्याला, पंधरा दिवस आधी, काका ज्याच्या त्याच्या घरी फोन करायचे. "नमस्कार, धारहून दत्तोपंत. आपल्या मातोश्रींची तिथी येत्या गुरुवारी आहे." बस्. एक पैसा नाही, दक्षिणा नाही. दोनशे बारा घरं.

जुनी वही वाळवीनं खाल्लेली होती. अकरा वर्षांपूर्वी मीच मागे लागले, की काका, कॉम्प्युटरमध्ये टाका. त्यांनी वर्षभर एका बोटानं टाइप केलं. मग गेलेल्यांच्या नावांची वही रद्दीत कशी द्यायची म्हणून तिला खलघाटला नर्मदेत सोडलं. गाडी आमच्या अरविंदनं, माझ्या नवऱ्यानं, चालवली होती. परतीच्या वाटेवर काका म्हणाले होते, "आता सगळं तुझ्या भरवशावर गं." मी म्हटलं, चिंता नको. नोकरीतली मोठी तज्ज्ञ ना मी!

तर मी दसऱ्याच्या दिवशी बसनं धारेला निघाले. मनात चरफडत. घरी संध्याकाळी सोनं द्यायला माणसं येणार, पुरणाचा घाट अर्धा, आणि मी इंदूरच्या बसमध्ये घामाघूम. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लावायची केबल माझ्या टेबलाच्या खणात होती. खण उघडलासुद्धा. मग म्हटलं, कशाला, तिथल्या तिथे होईल. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तो खण मला अजून दिसतो.

अकरा वाजता पोचले. काका दाराशीच उभे, कपाळाला गंध, तोंड एवढंसं. अक्का आतूनच ओरडली, "आली का गं? बघ बाई, यांनी काय करून ठेवलंय! देवधर्म करायचा तर माणसांशी करावा, त्या डब्याला कसली मेली विश्रांती!"

कॉम्प्युटरला अजून झेंडूचं फूल चिकटलेलं होतं. मी ते उडवून लावलं आणि बटन दाबलं. पडदा निळा, मग काळा, मग "दुरुस्तीची तयारी करत आहे", मग पुन्हा पहिल्यापासून. तीनदा तेच. मग मी दुरुस्तीच्या पानावरून ते अर्धवट अपडेट काढून टाकायची आज्ञा दिली. आणि ते लागलं कामाला. पडद्यावर आलं, बदल मागे घेत आहोत, बंद करू नका.

इथे नीट ऐका. कॉम्प्युटर शहाणा होता. तो आपणहून माघारी जात होता, काकांनी जिथे सोडलं त्याच्या आधीच्या जागेवर. त्याला फक्त वेळ हवा होता.

एक वाजला. दीड वाजला. अक्कानं जेवायला वाढलं, मी ताट हातात घेऊन त्याच्यासमोर बसले. गोल गोल. दोन वाजून गेले. अरविंदचा फोन, "कधी निघतेस?" सासूबाईंचा फोन, "पुरण वाटू का तसंच ठेवू?" पावणेतीनला माझं टाळकं सरकलं. "मरो हे," म्हणाले आणि बटन दाबून धरलं. त्याच्यावर लिहिलेलं होतं, बंद करू नका. काकांना सकाळी ज्यावरून मी झापलं होतं, तेच.

पुन्हा चालू केला तर काहीच नाही. मग शेवटचा उपाय राहिला, सगळं नव्यानं बसवायचं. त्यात दोन पर्याय येतात. एक, माझ्या फायली ठेवा. दुसरा, सगळं काढून टाका. पहिल्याला वेळ लागतो, ऑफिसात एकदा तीन तास लागून तो फसला होता. चारची बस मला गाठायची होती.

काका समोरच्या खोलीत आलेल्या माणसांना आपट्याची पानं देत होते. मी तिथूनच ओरडले, "काका, यादी डी मध्येच आहे ना?"

"तू सांगितलं होतंस तिथेच आहे," काका म्हणाले.

मी सांगितलं होतं डी मध्ये ठेवा. डी म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, नव्यानं बसवलं तरी त्याला धक्का लागत नाही. मी "सगळं काढून टाका" दाबलं.

सव्वातीन वाजता कॉम्प्युटर नव्या नवरीसारखा उघडला. मी डी उघडून बघितलं. नातवाच्या मुंजीचे फोटो, आरत्यांचं एक फोल्डर, अक्काच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे कागद. यादी नाही. पुन्हा बघितलं. मग आठवलं. चार वर्षांपूर्वी काकांना ती फाइल सापडेना, त्यांनी फोन केला होता, आणि पुढच्या फेरीत मीच ती उचलून डेस्कटॉपवर, म्हणजे पहिल्या पानावर, त्यांच्या डोळ्यांसमोर आणून ठेवली होती. "आता इथून हलवू नका, काका." त्यांनी हलवली नाही. आणि ते पहिलं पान डी मध्ये नसतं, ते आता कोरं होतं.

काका दारात येऊन उभे राहिले. हातात आपट्याची पानं. माझा चेहरा बघून त्यांना कळलं.

"गेली?"

मी मान हलवली.

"माझ्या बंद करण्यानं गेली ना?"

आणि मी म्हणाले, "हो काका. होतं असं कधीकधी. अपडेट मधेच बंद केलं की..."

अर्धं वाक्य तसंच सोडलं. पुढचं काकांनी आपलं आपण पुरं केलं असणार.

त्यांनी ते सोनं माझ्या हातात ठेवलं, मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. चारची बस मला मिळाली.

नुसती स्वस्थ बसले नाही, एवढं माझ्या बाजूनं. दोन दिवसांनी, साफ करून देते असं काकांना सांगून, डिस्क मागवून घेतली आणि इंदूरला गेलेला डेटा काढून देणाऱ्या एका दुकानात नेली. त्या माणसानं चार दिवस ठेवून घेतली. हजारो फायलींचे तुकडे निघाले, कधीचे पुसलेले अर्धेमुर्धे फोटो निघाले, यादी नाही निघाली. तो म्हणाला, "दीदी, अपडेट रुकने से डेटा नहीं जाता. ये तो किसी ने पूरा साफ किया है. किसने किया?"

मी म्हटलं, "पता नहीं, भिया."

एकोणीस वर्षं लोक मला हेच उत्तर देत आले होते.

मग काकांनी ठरवलं, यादी पुन्हा करायची. फोन नंबरांची डायरी कागदाची होती, ती शाबूत होती. प्रत्येक घरी फोन करायचा आणि विचारायचं, तुमच्याकडचं कोण कोण गेलं, तिथी आठवते का, नसेल तर तारीख सांगा, मी पंचांगातून काढतो. दर रविवारी मी धारेला जायचं, काकांनी फोनवर विचारायचं, मी लॅपटॉपवर लिहायचं. मीच म्हटलं येते म्हणून. म्हटलं, तेवढंच पाप फिटेल. वर प्रत्येक रविवारी यादीच्या तीन प्रती करायचे, एक पेन ड्राइव्हवर, एक माझ्या मेलवर, एक कागदावर. आता!

पहिल्याच रविवारी अक्का चहा घेऊन आली तर कप एकच.

"काकांचा?"

"सोडलाय," अक्का फणकाऱ्यानं म्हणाली. "प्रायश्चित्त! यादी पुरी होईस्तोवर चहा नाही. सकाळपासून डोकं धरून बसतात आणि मला म्हणतात काही नाही. करा म्हणावं अजून बटनं बंद!"

दिवसाला सहा कप चहा पिणारा माणूस. मास्तरकीत खडू आणि चहा यांच्यावर जगलेला. काका नुसते हसले आणि मला म्हणाले, "घे तू, निवेल." मी तो चहा प्यायले. कसा प्यायले माझं मला माहीत.

डायरीत गावांप्रमाणे नंबर लावलेले होते, म्हणून पहिलं आलं अमझेरा. अमझेऱ्याला उदाजीराव राहतात. काकांच्याच वयाचे, शेती आहे, आणि कानानं ठार बहिरे. यंत्र लावत नाहीत, म्हणतात त्यात वारा वाजतो. काकांनी फोन लावला आणि आधी जे सांगायचं ते सांगितलं. विचारण्याआधी सांगायचं, हा त्यांचा नियम.

"उदाजीराव, यादी नष्ट झाली. चूक माझी आहे."

"काय?"

"चूक माझी!"

"कोण? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही! यादी गेली! मी बटन बंद केलं! चूक माझी आहे!"

एकोणऐंशी वर्षांचा माणूस, मानेच्या शिरा ताणून, खिडकी उघडी, समोरच्या ओट्यावर बायका वाटाणे सोलत बसलेल्या. त्यांनी वर बघितलं. माझ्या हातात लॅपटॉप, नजर खाली. मला वाटलं होतं की एकदा सांगतील आणि होईल. पण हे तर प्रत्येक फोनला होतं. नमस्कार, धारहून दत्तोपंत. यादी नष्ट झाली, चूक माझी आहे, क्षमा असावी. मग माणसं म्हणायची, असू द्या हो, चालायचंच. काही म्हणायची, आता वय झालं काका तुमचं. काका म्हणायचे, "होय, झालं खरं."

दर वेळी मी ठरवायचे, आता सांगते. दर वेळी पुढचा फोन लागायचा.

आणि यादीत नुसती घरं नव्हती. एकोणीस जण असे होते की ज्यांचं कोणीच उरलेलं नव्हतं. बालविधवा आत्या, निपुत्रिक गेलेले कारकून, कुणाच्या घरी आश्रयाला राहिलेली स्वयंपाकीण. त्यांना फोन कुठे करायचा? त्यांच्या तिथीला काका स्वतः पाणी सोडायचे, का म्हणून विचारलं तर म्हणायचे, वहीबरोबर आले ते. दुसऱ्या रविवारी दुपारी ते डोळे मिटून बसले आणि आठवून आठवून नावं सांगायला लागले. मी लिहीत गेले. चौदा झाली. मग बोटांच्या पेरांवर काही मोजत बसले.

"पाच राहिले," म्हणाले. "एक बाई होती, वद्य अष्टमी... नाव पार्वती की... नाही, पार्वती ही दुसरी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सर्वपित्री अमावास्येला सगळ्यांबरोबर घालता येतं. तशी सोय आहे शास्त्रात. पण नाव तरी असावं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. रडून काय झालं? डोळे पुसले आणि बाहेर येऊन पुन्हा लिहायला बसले. इतकी निगरगट्ट.

अरविंदला मी घरी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "सांगून टाक." मी त्याच्यावरच उखडले. "सांगून यादी परत येणारे का? उगाच म्हाताऱ्या माणसाला त्रास!" त्याला माहीत होतं मी का उखडतेय. मलाही माहीत होतं. काका अकरा वर्षं ज्याला त्याला सांगत होते, आमची वल्लरी आहे ना, कॉम्प्युटरचं सगळं तीच बघते. त्यांच्या तोंडची ती वल्लरी मला सोडवत नव्हती. खरं कारण एवढंच होतं.

चौथा रविवार. एकशे सदतीस घरं झालेली. इंदूरच्या जगदेवरावांचा नंबर आला. माणूस पन्नाशीचा, बोलणं सगळं साहेबी. फोन स्पीकरवर होता. काकांनी नेहमीप्रमाणे सांगितलं.

"म्हणजे आमच्या आजोबांची तिथी गेली?" जगदेवराव म्हणाले. "कमाल आहे काका. इतनी बड़ी जिम्मेदारी, आणि एक कॉपी नाही ठेवली?"

"चूक झाली," काका म्हणाले.

"चूक नाही हो, हा निष्काळजीपणा आहे. या वयात झेपत नाही तर मशीनला हात कशाला लावायचा? कुणा समजदार माणसाकडे द्यायचं ना!"

"बरोबर आहे आपलं," काका म्हणाले. मान खाली. अक्का दारात उभी होती. महिनाभर तीही त्यांना हेच ऐकवत होती, पण दुसऱ्यानं ऐकवल्यावर तिचा चेहरा पडला.

माझं डोकं फिरलं. मी फोन ओढून घेतला.

"जगदेवराव, मी वल्लरी, काकांची पुतणी. समजदार माणूस म्हणालात ना? ती समजदार मी. काकांनी नुसतं बटन बंद केलं, त्यानं काही गेलं नव्हतं. यादी मी पुसली. घाई होती मला, बस पकडायची होती. काय बोलायचं ते मला बोला!"

तिकडून "ओह" असं काहीतरी आलं. मी फोन ठेवून दिला.

हे धाडस होतं असं कुणी समजू नये. रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं, एवढंच. थंड डोक्यानं मला महिनाभर जमलं नव्हतं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग शाळेत पोराला फळ्यापाशी उभं करून विचारावं तसं एकेक विचारायला लागले. आवाज चढलेला नाही.

"मी बंद केला तेव्हा यादी होती?"

"होती."

"तू आलीस तेव्हा?"

"होती, काका."

"मग केव्हा गेली?"

"तीनच्या सुमारास. तुम्ही बाहेर सोनं देत होता तेव्हा."

"आणि ती तू पुसलीस हे तुला केव्हा कळलं?"

"तेव्हाच."

"तेव्हाच," काका म्हणाले. ते खिडकीकडे बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला ओरडण्याची सवय आहे.

"म्हणजे," ते म्हणाले, "एकशे अडतीस घरी मी खोटं बोललो."

"काका, तुम्ही कुठे..."

"बोललो ना. गेलेल्यांच्या नावानं फोन केला आणि खोटं सांगितलं. मला ठाऊक नव्हतं, हे वेगळं. पण शब्द माझ्या तोंडून गेला."

मी त्यांच्या पायाशी बसले. माफ करा म्हणाले, पुन्हा पुन्हा म्हणाले, नाक वाहत होतं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. झिडकारलंही नाही.

अक्का आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. दहा मिनिटांनी दोन कप चहा घेऊन आली आणि एक काकांच्या पुढ्यात ठेवला.

"महिनाभर तुम्हाला बोलतेय मी," ती म्हणाली. इतकंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काकांनी कप बाजूला सरकवला. "यादी पुरी व्हायचीय अजून."

"अहो, पण आता तुमची चूक..."

"बटन मीच बंद केलं होतं ना? यादी पुरी होऊ दे."

मग त्यांनी डायरी घेतली, पहिल्या पानावर उघडली आणि माझ्यासमोर ठेवली. फोन उचलून माझ्या हातात दिला.

"पहिल्यापासून," म्हणाले. "या वेळी तू बोल."

"सगळ्यांना?"

"मी जितक्यांना सांगितलं तितक्यांना."

मी नंबर लावला. काकांनी हात पुढे करून स्पीकर चालू केला. समोरच्या ओट्यावर त्याच बायका, आज मेथी निवडत होत्या. खिडकी उघडी होती. उठून लावून घ्यावी असं माझ्या मनात आलं, पण काका बघत होते.

"हॅलो? कोण?" उदाजीराव.

"नमस्कार, मी धारहून वल्लरी. दत्तोपंतांची पुतणी."

"कोण?"

"वल्लरी! दत्तोपंतांची पुतणी! ती यादी गेली ना, ती माझ्यामुळे गेली. चूक माझी होती."

"ऐकू नाही आलं, पोरी. मोठ्यानं बोल!"

मी उभी राहिले.

"चूक माझी होती!"

मेथी निवडणारे हात थांबले.

"तुझी? अगं, दत्तोपंत तर म्हणाले, त्यांची म्हणून!"

"त्यांना माहीत नव्हतं!" मी ओरडले. "मला माहीत होतं!"